छत्तीस दातांचं जनावर

संपतरावांना एक सायकल घ्यायची होती, बस्स. पोरीचं लग्न जमवायचं नव्हतं, घर बांधायचं नव्हतं, निवडणुकीला उभं राहायचं नव्हतं. पण भोरसारख्या गावात एक्कावन्न वर्षांच्या माणसाला सायकल घ्यायची म्हणजे ह्या तिन्ही गोष्टी एकदम केल्याइतका व्याप होतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी साखर बघून फर्मावलं होतं, "चाला, नाहीतर सायकल चालवा." त्यांनी चालून बघितलं. दोन दिवसांत अकरा जणांनी गाड्या थांबवल्या आणि "संपतराव, गाडी बिघडली का? बसा मागं," म्हणून त्यांना घरी आणून सोडलं. राहिली सायकल. आता संपतराव म्हणजे तालुक्याच्या एका कचेरीतले वरिष्ठ लिपिक (कचेरीचं नाव नको, नोकरी अजून सात वर्षं आहे). टिपणी लिहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात टाचणी घेतली नव्हती. तीन महिने मोबाईलमध्ये डोकं घालून त्यांनी अभ्यास केला. त्यांना रविवारी भोरहून आपल्या गावी, पालीला जायचं होतं. म्हणजे आधी भाटघरच्या पाण्याकडेचा डांबरी रस्ता, मग खिंडीचा कच्चा चढ, आणि मग राजगडाच्या पायथ्याला उतार. शर्यतीची बारीक टायरची सायकल खडीत फाटणार. डोंगरातली जाड टायरची डांबरावर म्हशीसारखी चालणार. तेव्हा दोन्हीच्या मधली, लांब पल्ल्याची टूरिंग सायकल. आणि उतार आहे म्हणून डिस्क ब्रेक. चाकाच्या मधोमध पोलादाची एक ताटली असते, ब्रेक दाबला की दोन बाजूंनी चिमटा तिला पकडतो. हे सगळं त्यांनी बायकोला, सुलक्षणाबाईंना, जेवताना आमटीची वाटी उभी धरून समजावून सांगितलं. सुलक्षणाबाईंनी ऐकून घेतलं आणि सांडलेली आमटी पुसली.

खाटेवर बसून आबाही ऐकत होते. आबा म्हणजे संपतरावांचे वडील, हैबती. वय अठ्ठ्याहत्तर, आणि मुलाशी अबोला दोन वर्षं चार महिने. संपतरावांनी पालीची बैलजोडी, हरण्या आणि चांद्या, विकून आबांना भोरच्या फ्लॅटवर आणलं, त्या दिवसापासून आबा सगळ्या जगाशी बोलत होते, फक्त मुलाशी नाही. काही सांगायचंच झालं तर सुनेमार्फत. संपतराव तीन फुटांवर पेपर वाचत बसलेले असायचे आणि आबा म्हणायचे, "सूनबाई, त्यास्नी सांगा, पंखा बारीक करा." पोटच्या पोराला अहोजाहो! त्यापेक्षा शिवी परवडली. संपतरावांनी सगळे उपाय केले. मोठा टीव्ही आणला, मऊ गादी आणली, कानाचं यंत्र आणलं. यंत्रानं आबांना सगळं ऐकू यायला लागलं, बोलणं काही आलं नाही. रोज सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात देताना संपतराव गरजेपेक्षा जरा जास्त थांबायचे. आज तरी आबा 'संपत' म्हणतील. आबा कप घ्यायचे आणि खिडकीकडं बघायचे.

तर त्या दिवशी आमटी पुसून झाल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, त्यास्नी सांगा, फोटू बघून लोकं लगीन करत्यात, जनावर घेत न्हाईत. म्या येतो बघाया."

संपतरावांचा घास हातातच राहिला.

"आबा, सायकल आहे ती," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"वझं व्हातीय न्हवं? घाट चढतीय न्हवं? मग जनावरच की."

दोन वर्षं चार महिन्यांत आबांनी मुलाच्या कामात पहिल्यांदा नाक खुपसलं होतं. आपल्या कामात कुणी नाक खुपसल्याचा इतका आनंद संपतरावांना जन्मात झाला नव्हता. तोवर सायकल घ्यावी की न घ्यावी असं थोडंफार चाललं होतं. आता न घेणं शक्यच नव्हतं.

बातमी जिन्यानं खाली उतरली. खालच्या मजल्यावर चिमाजीराव राहायचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकोणतीस वर्षांत एक अपघात नाही, आणि हे ते भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. ते चहाच्या वेळी वर आले आणि कप हातात येताच मुद्द्याला हात घातला.

"ब्रेक कुठला?"

"डिस्क. तारेचा," संपतराव म्हणाले. "तेलाचा पण येतो, पण तो बिघडला तर खिंडीत कोण दुरुस्त करणार?"

चिमाजीरावांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ब्रेकला तेलच नाही?"

"नाही."

"तेल नाही?" ते आबांकडं वळले. "आबा, ऐकलंत का? बिनतेलाचा ब्रेक! अहो, मी एकोणतीस वर्षं रोज सकाळी आधी ब्रेकचं तेल बघायचो, मग देवाला हात जोडायचो. तेल नाही तर ब्रेक नाही. माझं काय जातंय, घ्या बापडे."

संपतराव हसले. अडाणी माणूस, त्यांच्या मनात आलं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी कानातलं यंत्र बोटानं नीट दाबून बसवलं.

पुण्याच्या दुकानात साठेक सायकली टांगलेल्या होत्या. मालक अमृतशेठ, दाढी कोरलेला, मोठा नम्र माणूस. संपतरावांनी खिशातून सत्तावीस प्रश्नांचा कागद काढला. दुसऱ्या प्रश्नाला किंमत कळली, अठ्ठावन्न हजार, आणि त्यांना कागदाचाच वारा घ्यावा लागला.

"ह्यात स्टँड?"

"स्टँड नसतो, सर."

"घंटी?"

"वेगळी."

"मडगार्ड? कॅरिअर?"

"तेही वेगळं."

"पेडल तरी?"

"पेडल ज्याचे त्याच्या आवडीचे असतात, सर."

संपतराव गारच पडले. सायकलीत पेडल नाही! मग अठ्ठावन्न हजार कशाचे, हवेचे? तीही भरून देतात की नाही कोण जाणे.

तोवर एका गडद हिरव्या सायकलीभोवती आबांच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. त्यांनी सीटवर थाप मारली आणि ती बिचकते का ते पाहिलं. खाली वाकून पोटाखालून नजर टाकली. मग उभं राहून, धोतर सावरून, त्यांनी बैलाचं वय काढायला बाजारात विचारतात तसं विचारलं, "दात किती?"

अमृतशेठना बरं वाटलं. असा जाणकार प्रश्न त्यांना पुण्यातली गिऱ्हाइकंही विचारत नसत. "पुढच्या चक्राला छत्तीस, आजोबा. मागं अकरा ते चौतीस."

आबा चटकन स्टुलावर बसले. "छत्तीस! आठ दातावर बैल पुरा जुळतो. दुकानदार, तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, ह्ये जनावर म्हातारं हाय."

गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. अमृतशेठनी एकदा बापाकडं पाहिलं, एकदा लेकाकडं, आणि बिचाऱ्यानं खरंच निरोप पोचवला, "सर, जनावर म्हातारं आहे म्हणतायत."

मग समजावणं झालं. मागं दात जितके जास्त तितका चढ सोपा, हे ऐकून आबांचं थोडं समाधान झालं. "म्हंजे चढाला चावून धरतंय. बरं. आता चालवून दावा. वर बसू नगा, नुस्तं धरून न्या. चाल मागनं बघायची असती." अमृतशेठ सीटला धरून सायकल फुटपाथवरून नेऊ लागले, मागून आबा कमरेत वाकून, त्यामागून संपतराव मान खाली घालून. चाक कडकड कडकड वाजायला लागलं तसे आबा थबकले. "सांधा वाजतोय." ते फ्रीव्हील आहे, वाजतंच, असं अमृतशेठनी चारदा सांगितलं. तोवर बघ्यांत दोन भाजीवाल्या आणि एक पोस्टमन जमा झाले होते. पोस्टमन म्हणाला, "मला पण सांधाच वाटतो."

"आता खोड सांगा," आबा म्हणाले.

"खोड?"

"जनावर इकताना खोड सांगावी लागतीया. लाथ मारतंय का, बसतंय का, बुजतंय का. न सांगता इकलं तर आठ दिसात दारात आणून बांधतो बघा."

अमृतशेठ विचारात पडले. इतक्या वर्षांत त्यांच्या मालाची खोड त्यांना कुणी विचारली नव्हती. "नवी आहे तोवर ही ताटली किंचाळते, आजोबा. आणि ब्रेक जरा कमी लागतो, रुळायला आठ दिवस जातात. लांब उतार असला की सगळा भार हिच्यावरच येतो. फार तापते."

"समदा भार? हिच्यावर?"

"सगळा."

आबांनी त्या चकचकीत ताटलीवरून अंगठा फिरवला. "म्हंजे खांदा म्हनायचा ह्यो," ते हळूच म्हणाले. अमृतशेठनी मान हलवली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं कलम असावं.

व्यवहार राहिला होता. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात अमृतशेठपुढं धरला. गुरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटं दाबून, तोंडानं चकार शब्द न काढता. अमृतशेठना वाटलं म्हाताऱ्याचा हात भाजलाय. त्यांनी काळजीनं उपरण्याखाली हात घातला. आबांनी त्यांची पाचही बोटं गच्च दाबली आणि डोळ्यांत डोळे घालून तशीच धरून ठेवली. अमृतशेठना घाम फुटला. शेवटी ते घाईघाईनं म्हणाले, "बरं बरं, पेडल, स्टँड, घंटी, मडगार्ड आणि कॅरिअर, पाचही माझ्याकडून!"

"ठरलं," आबा म्हणाले, आणि हात सोडला. संपतराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. सत्तावीस प्रश्नांनी जे झालं नव्हतं ते पाच बोटांनी झालं होतं.

संपतरावांच्या आत्याचा मुलगा गोरख टेम्पोनं पुण्याला भाजी टाकून परत निघाला होता, त्याच्या टेम्पोतून सायकल भोरला आली. सगळ्या वाटेत आबा मागं हौद्यात तिच्या शेजारी बसले. पुढं या म्हटलं तर म्हणाले, "नवं जनावर वाटंत बिचकतंय."

सोमवारी कचेरीत दुसरा धक्का तयार होता. आस्थापनेच्या अश्विनी मॅडम. वयानं धाकट्या, नियमानं थोरल्या. साठ हजारांच्या आसपासचं वाहन घेतलंय तर कचेरीला कळवायला नको का, असं म्हणून त्यांनी छापील नमुना पुढं केला. त्यात इंजिन क्रमांक होता, विमा होता, धुराचा दाखला होता. संपतरावांनी प्रत्येक ठिकाणी सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' लिहिलं. बुधवारी फाईल परत आली. शेरा होता: 'लागू नसल्याबाबतचा पुरावा जोडावा.'

"अश्विनी मॅडम, सायकलीला इंजिन नसतं याचा पुरावा मी कुठून आणू?"

"ते मी कसं सांगू, सर? तुम्हीच मागच्या वर्षी शिपायाच्या हातगाडीवर हाच शेरा मारला होता."

हे खरं होतं. तेव्हा आपण केवढे चोख आहोत असं संपतरावांना वाटलं होतं. दुकानातून सायकलीबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती, त्यात सायकलीच्या प्रत्येक भागाचं चित्र आणि नाव होतं, आणि इंजिन कुठंही नव्हतं. संपतरावांनी ती वाचायला रविवार राखून ठेवला होता. "मूळ प्रत लागेल," मॅडम म्हणाल्या. पुस्तिका फाईलला लागली, फाईलला फीत लागली, आणि फाईल कपाटात गेली. त्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर लाल चौकटीत काय छापलं होतं ते भोर तालुक्यात आता कुणालाच वाचता येणार नव्हतं.

रविवारी पालीला धोंडाबाई आत्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. भाताची झोडणी आटोपली होती, नव्या तांदळाचा भात होता. संपतरावांनी जाहीर केलं की बाकीचे गोरखच्या टेम्पोतून येतील आणि आपण सायकलवरून. शनिवारी संध्याकाळी ते दाढी-कटिंग करून आले आणि जिन्यातच थबकले. पॅसेजमध्ये सायकल उभी होती, हँडलला झेंडूची माळ, पुढच्या मडगार्डवर हळदीकुंकू, आणि शेजारी पाटावर आबा. त्यांचा हात सीटवर होता. तेलाचा मंद वास येत होता. आबांनी निरांजन लावलं असेल, संपतरावांना वाटलं. स्वयंपाकघरातून अर्धी वाटी करडईचं तेल आणि मूठभर हळद गेली होती खरी, पण ती सुलक्षणाबाईंनी आबांच्या गुडघ्यांच्या नावावर टाकली होती. चाकातली ताटली तर आरशासारखी चमकत होती. नवी वस्तू, चमकणारच.

"सूनबाई," आबा सीटवरचा हात न काढता म्हणाले, "त्यास्नी सांगा, जनावर ग्वाड हाय."

संपतरावांना भरून आलं. त्यांनी खाली वाकून बघितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण डोळ्यांत पाणी असताना माणूस ब्रेक तपासत नाही.

सकाळी निघताना सगळी इमारत खाली उभी होती. चिमाजीराव म्हणाले, "तेल नाही हे विसरू नका." संपतराव ऐटीत निघाले. गावाबाहेर पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा तो लोण्यासारखा वाटला, पण रुळायला आठ दिवस जातात हे दुकानदार बोललाच होता. शिवाय किंचाळतही नव्हती. आपली ताटली सुस्वभावी निघाली, असं म्हणून ते पुढं गेले. पाण्याकडेचा रस्ता सपाट. पुढं चढ लागला तेव्हा ब्रेकचा प्रश्नच नव्हता, संपतराव आपोआपच थांबत होते. कच्च्या रस्त्यावर तर ते उतरून सायकलीला हातानं ढकलत होते आणि मागून टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कुंथत होता. टेम्पोतून आबांचा आवाज आला, "सूनबाई, त्यास्नी सांगा, जनावरावर बसत्यात, जनावर व्हात न्हाईत." सुलक्षणाबाईंनी खिडकीतून मान काढून तो निरोप ओरडून पोचवला. वाटेतल्या गुराख्यानंही तो ऐकला आणि तो पुढं खूप वेळ हसत राहिला.

अकराच्या सुमाराला खिंडीचा माथा आला. समोर राजगड, खाली पाली, आत्याच्या अंगणातली पेंढ्याची नवी गंजसुद्धा दिसत होती. संपतराव सायकलवर बसले, हेल्मेटचा पट्टा आवळला, आणि सोडली.

पहिल्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही ब्रेक दाबले. ताटलीनं हूं की चूं केलं नाही. आणखी जोरात दाबले, मुठी पांढऱ्या पडेपर्यंत. सायकल उलट थोडी खूश झाल्यासारखी पळायला लागली. संपतरावांचं डोकं बधिर झालं. अठ्ठावन्न हजार! तीन महिने अभ्यास! पाय टेकवावा तर खाली खडी वाहत होती. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वरिष्ठ लिपिकाचा नव्हता.

दुसऱ्या वळणावर रतनबाई धनगरीण शेरडं घेऊन चालली होती. "आरं घंटी तरी वाजीव, मुडद्या!" ती ओरडली. संपतरावांनी घंटी वाजवली. फुकट मिळालेल्या पाच वस्तूंपैकी तीच त्या दिवशी कामाला आली. शेरडं दोन्ही बाजूंना फाकली आणि संपतराव मधून गेले. एका करडानं हँडलवरची झेंडूची माळ जाता जाता तोंडात धरली आणि ठेवूनही घेतली.

आता सरळ उतार होता, आणि उताराच्या टोकाला धोंडाबाई आत्याचं घर. डाव्या हाताला पेंढ्याची गंज, मऊ, उंच, सोनेरी. उजव्या हाताला उकिरडा. संपतरावांना दोन्ही स्वच्छ दिसत होती आणि कुठं जायचं हेही कळत होतं. त्यांनी हँडल डावीकडं वळवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात मागून, टेम्पोच्या इंजिनाच्या वर, एक आवाज फुटला.

"संपत! आरं ए संपत! गंजीत घाल! डावीकडं, गंजीत!"

संपतरावांनी मागं वळून बघितलं.

इतका धक्का त्यांना ब्रेकनं दिला नव्हता. 'संपत'! 'त्यास्नी' नाही, 'सूनबाई' नाही. संपत, आणि वर आरं! आबा टेम्पोच्या दारात उभे राहून, उपरणं उडवत, थेट त्यांच्याकडं बघून ओरडत होते. संपतरावांनी तो चेहरा डोळे भरून बघून घेतला आणि मग ते उकिरड्यात गेले.

उकिरडा जुना होता, खोल होता, आणि वरून वाळलेला दिसत असला तरी आतून तसा नव्हता. पालीची माणसं धावत आली तेव्हा संपतराव छातीपर्यंत आत होते आणि सायकल त्यांच्या डोक्यावरून पलीकडं जाऊन स्टँडवर उभी राहावी तशी शेणात उभी होती. लोक घाबरले होते. माणूस पहिलं काय बोलतो याकडं सगळ्यांचे कान.

"आबा," संपतराव तोंडातला पाचोळा काढत म्हणाले, "काय म्हणालात?"

आबा टेम्पोतून कुणाचाही हात न धरता उतरले होते. "गंजीत घाल म्हनलो, येड्या! गंजीत! त्वा हितं कशापायी घातलीस? लागलं का रं? पाय हालव. हात हालव. बोल की!"

"नाही लागलं, आबा," संपतराव म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसायला लागले. डोक्याला मार लागलाय असं लोकांना वाटलं.

त्यांना दोरानं बाहेर ओढलं. डाव्या खांद्याला चांगलाच मुका मार लागला होता. धोंडाबाई आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ल्हानपणी बी हितंच पडायचा." गोरख सायकल उचलून बघत होता. त्यानं ताटलीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"दादा! ह्या चकतीला त्याल लावलंय! त्याल आन हळद! दोन्ही चाकांस्नी, चोळून चोळून! बिरेक लागंल कसा? कुनी केलं ह्ये?"

संपतरावांच्या डोक्यात सगळं सरसर जुळलं. बिनतेलाचा ब्रेक. समदा भार हिच्यावर. म्हंजे खांदा ह्यो. बैलांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आबा हरण्या-चांद्याचे खांदे असेच मळायचे, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे, तेल-हळद लावून, तासभर, तोंडानं त्यांच्याशी बोलत. त्यांनी आबांकडं पाहिलं. आबांचं तोंड पडलं होतं. त्यांची नखं अजून पिवळी होती, आणि तो हात हळूहळू उपरण्याखाली जात होता. आता ह्या माणसाला गावासमोर लाज वाटली की तो पुन्हा गप्प होणार, आणि ह्या वेळी कायमचा, हे संपतरावांना शेणानं माखून उभ्या उभ्या स्पष्ट दिसलं.

"मीच लावलं," ते म्हणाले.

"तुमी?"

"पूजा केली नव्या गाडीची. म्हटलं तेल बरं."

पाली हसली. आधी गोरख, मग आत्या, मग झाडून सगळी आळी. "हापिसात साहेब हाय आन बिरेकाला त्याल लावतोय!" "उद्याच्याला भाकरीला बी लावंल!" मागून शेरडं घेऊन पोचलेली रतनबाई तर खालीच बसली. सुलक्षणाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की रडू, ते कळलं नाही. सगळ्या तालुक्याच्या फाईली नाकारणाऱ्या संपतरावांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

दोन बादल्या ऊन पाण्यानं अंघोळ झाली. आत्याच्या नवऱ्याचं धोतर नेसून संपतराव ओसरीवर बसले. आबा आतून वाटी घेऊन आले, तेल-हळद, कोमट केलेली. समोर बसले.

"खांदा कर हिकडं."

संपतरावांनी खांदा पुढं केला. आबा मळायला लागले, अंगठ्यानं, मानेपासून खाली, बैलाला मळतात तसंच.

"त्याल लावायचं नसतं व्हय रं तिला?"

"नसतं, आबा."

"मग खोटं कशाला बोललास?"

संपतरावांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग धीर करून हसत म्हणाले, "तुम्ही तरी एकदा मला विचारायचं, आबा."

आबांचा अंगठा थांबला. "त्वा इचारलं व्हतंस?"

कशाबद्दल ते सांगायची गरज नव्हती. अंगणापलीकडं आबांचा, हरण्या-चांद्याचा, रिकामा गोठा होता. दावणीचे दोन खुंटे अजून तसेच होते. संपतरावांना ते येताना उतारावरून दिसले नव्हते, आता दिसले. दिवसभरात त्यांना इतके धक्के बसले होते, पण हा कुठल्या कुठं आत जाऊन बसला.

"न्हाई, आबा," ते म्हणाले. कचेरीची भाषा तोंडात आलीच नाही. "न्हाई इचारलं. चुकलं माझं."

आबांनी पुन्हा बोटं तेलात बुडवली आणि मुक्या मारावर अशी दाबली की संपतराव किंचाळले.

"किंचाळ. नव्या जनावराची खोडच हाय ती," आबा म्हणाले. त्यांनी अंगठा परत फिरवला, या वेळी हलक्यानं. "आन दुसरी कवा बघायची?"

"दुसरी काय?"

"जोड. एकलं जनावर झुरतंय. मी येतो बघाया."

तेवढ्यात सुलक्षणाबाई पानं वाढल्याचं सांगायला बाहेर आल्या. दोघांना समोरासमोर बसलेलं पाहून त्या सवयीनं दारातच थांबल्या.

"आबा, ह्यांना काही सांगायचंय का?"

"न्हाई, सूनबाई," आबा मान वर न करता म्हणाले. "तू जा. मी सांगतोय न्हवं त्याला."